आठ साखळ्या, चाळीस कड्या

२ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

दोन महिन्यांत तुमची एक ओळ नाही म्हणून रुसून बसायचा माझा बेत होता. पण काम अडलंय, आणि जुन्या मापांचं काम अडलं की मला तुमच्याखेरीज दुसरं दार माहीत नाही. कान कसे आहेत? काकू लिहिते की तुम्हाला हाक मारण्यापेक्षा जमिनीवर पाय आपटणं तिला सोपं जातं. तिचे पाय जपा.

आता कामाचं. शाळेच्या उत्तरेच्या खोलीच्या भिंतीला महिनाभरापासून तडा जातोय. आधी केसाएवढा होता, आता त्यात पेन्सिल जाते. हे मला ठकीनं सांगितलं, कारण ती रोज घालून बघते. ती त्याच खोलीत बसते. आईची झोप उडायला तेवढं पुरेसं आहे.

शाळेखालून, पूर्वी इथे येऊन वसलेल्या ग्रीक लोकांनी खणलेला तो जुना पाण्याचा बोगदा जातो, हे तुम्हाला सांगायला नको. झऱ्यापाशी सुरू होतो आणि सरळ दक्षिणेला जातो. वरून उजेड-वाऱ्यासाठी पाडलेल्या दुसऱ्या विहिरीपर्यंत माणूस वाकून जाऊ शकतो, पुढे छत बसून माती भरलीय. पलीकडे कुठेतरी मोठी कोठडी आहे. ती पोकळ आहे आणि तिचं छत थकलंय, असं आमच्या पाणीपुरवठ्याच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं आहे. वरून भोक पाडून ती भरून काढायची. पण नेमकी कुठे आहे, ते कळल्याशिवाय भोक कुठे पाडणार?

आधार दोनच. एक, बोगद्याच्या तोंडाशी ढिगाऱ्यात पूर्वीच सापडलेली ग्रीक अक्षरांची शिळा. जुन्या लिप्यांच्या मास्तरांनी ती वाचून दिली: झऱ्यापासून पहिली विहीर दोन प्लेथ्रॉनवर, दुसरी चारवर, आणि कोठडी आठ प्लेथ्रॉन चाळीस पावलांवर, कोठडीची लांबी तीस पावलं. दुसरा आधार म्हणजे बाबांची मोजणीची वही. काका, दप्तरखान्यातून ती वही माझ्या टेबलावर आली आणि पहिल्याच पानावर बाबांचं अक्षर दिसलं, तशी मी पाच मिनिटं काहीच केलं नाही. कोठडीपुढे त्यांनी लिहिलंय, ८ साखळ्या ४० कड्या.

दोन्हीकडे आठ आणि चाळीस! साहेब खूष आहेत. पण मला दोन गोष्टी पक्क्या हव्यात. साखळी सहासष्ट फुटी होती की शंभर फुटी? कड्या दोन्हींत शंभरच असतात, म्हणून आकड्यावरून कळत नाही. आणि ग्रीक पाऊल आपल्या फुटाएवढं धरायचं का? त्या मोजणीला तुम्हीच होतात ना? बाबा सांगायचे, माझ्या छातीनं दगा दिला म्हणून मी विहिरीपाशी बसलो आणि पुढे धाकटा एकटा गेला. म्हणजे त्या कोठडीपर्यंत गेलेलं जिवंत माणूस तुम्ही एकच.

लवकर लिहा. काकूला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्या, मोजायला बसू नका.

तुमची,
फुटपट्टी

५ मार्च

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवाच मिळालं. उत्तराला एक दिवस जास्त लागला, कारण शाई बिघडली होती. तीन कागद वाया गेले. तुझी काकू म्हणते, शाई नाही, माणूस बिघडलाय. तिचं ऐकू येत नाही हा बहिरेपणाचा एक फायदा, पण ती आता पाटीवर लिहून टोमणे मारते.

साखळी शंभर फुटी. यात शंका धरू नकोस. सहासष्ट फुटी साखळी शेतजमिनीची, तिच्यात साडेसोळा फुटांच्या चार काठ्या, आणि तशा दहा साखळ्यांचा फर्लांग. दादाच्या कचेरीत रस्ते, कालवे, पाट यांचं काम असायचं, तिथे शंभर फुटीच होती, प्रत्येक कडी एक फुटाची. मी ती खांद्यावर इतकी वर्षं वाहिली की डावा खांदा अजून खाली आहे, शिंप्याला विचार.

आता ग्रीकांचं. हे मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, रद्दीतल्या पुस्तकांतून वेचलंय, तेव्हा मास्तरांना दाखवून घे. त्यांची बोटापासून सुरुवात. सोळा बोटांचं एक पाऊल, चोवीस बोटांचा एक हात, सहा पावलांची एक वाव, शंभर पावलांचं प्लेथ्रॉन, सहाशे पावलांचं स्टेडियन. आपला फर्लांग आणि त्यांचं स्टेडियन उभे केले तर भाऊभाऊ वाटतील, फक्त स्टेडियन उंचीला जरा कमी. प्लेथ्रॉन आणि आपली शंभर फुटी साखळी मात्र जुळ्या बहिणीच वाटतात.

वाटतात, असं मी म्हणतोय. कारण ग्रीकांचं पाऊल एक नव्हतं. गावागणिक वेगळं. कुठे साडेअकरा इंचांच्या जरा वर, कुठे साडेबारा इंचांच्या वर. एका पावलात हा फरक नखाएवढा, पण आठशे पावलं चाललीस की नखाची खोली होते. तेव्हा ‘पाऊल म्हणजे फूट’ असं कुणी म्हणालं तर लगेच मान हलवू नकोस.

वहीत दोन्ही विहिरींचे आकडे काय आहेत ते तू लिहिलं नाहीस. ते बघ. ते पक्के आहेत, दादा स्वतः तिथे होता. शेवटच्या आकड्यावर इतक्यात सगळा भार टाकू नकोस. का ते पुढच्या पत्रात लिहीन, आज डोळे दुखतायत.

ठकीला सांग, तड्यात पेन्सिल घालायची नाही. आणि जमलं तर तिला चार दिवस घरीच ठेव. सर्दीबिर्दी सांग काहीतरी.

तुझी माया माझ्या कुठल्याच कोष्टकात बसत नाही, तशीच असू दे.

तुझा,
काका

९ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी सकाळी हातात पडलं आणि दुपारी बैठक होती, म्हणून पर्समध्ये घालूनच गेले. काका, तुम्ही कोडी घालायला कधीपासून लागलात? आकड्यावर भार टाकू नकोस, पण का ते सांगणार नाही! साहेबांना मी काय सांगू, की आमच्या काकांचे डोळे दुखतायत?

तुम्ही सांगितल्याप्रमाणे विहिरींचे आकडे बघितले. पहिली २ साखळ्या १० कड्या, दुसरी ४ साखळ्या २० कड्या. शिळेवर दोन आणि चार बरोबर आहेत, म्हणजे बाबांचे आकडे दहा आणि वीस फुटांनी जास्त. साहेब म्हणाले, सुरुवातीला पाणी-चिखलात साखळी वेडीवाकडी पडली असेल, म्हणून जास्त आली, पुढे सरळ जागा मिळाल्यावर जुळली. मग एक धाकटे साहेब म्हणाले की एवढ्या जुन्या वहीवर विसंबायचं कशाला. तेव्हा मात्र मी उठून उभी राहिले. म्हटलं, हे माझ्या वडिलांचं अक्षर आहे आणि त्यांच्या वहीत न मोजलेला आकडा कधी चढला नाही. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करते.

ठरलं ते असं. पाऊल म्हणजे फूट. कोठडी झऱ्यापासून आठशे चाळीस फुटांवर, म्हणजे उत्तरेच्या खोलीचा कोपरा आणि त्यापुढची बोळाची जागा. तिथे दोऱ्या बांधून लाल फडकी लावलीत. शुक्रवारी भोक पाडायचं यंत्र येतंय, ट्रकवर बसवलेलं, दक्षिणेच्या फाटकातून आत आणणार.

मुलींना उत्तरेच्या खोलीतून हलवलं. आज सकाळी चाळीस बाकं बोळापलीकडे दक्षिणेच्या खोलीत नेली, लाल फडक्यांपासून चांगली लांब. मोठ्या बाईंनी स्वतः उभं राहून लावून घेतली. ठकी खूष आहे, तिला खिडकीजवळची जागा मिळाली. सर्दी सांगायची वेळ आली नाही. फक्त त्या खोलीचं दार खाली घासतं, बंद करताना दोन मुलींना मिळून उचलावं लागतं. शिपाई म्हणाला की गेल्या वर्षीपर्यंत ते नीट लागायचं.

हे दाराचं लिहिताना माझा हात का थांबला, कळत नाही. तुमच्या पत्रामुळे उगाच मनात किडा वळवळतोय. कृपा करून काय ते सरळ लिहा.

काकूची पाटी मला पाठवून द्या, माझ्याही कामाची आहे. राग मानू नका, माया पातळ करू नका.

तुमची,
फुटपट्टी

११ मार्च, दुपार

चि. फुटपट्टीस,
आशीर्वाद.

हे पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. तो तुझ्या दारात येऊन देईल. काकूनं शिंप्याच्या दुकानातून तुझ्या कचेरीत फोन केला होता. कारकुनानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अशा गोष्टी फोनवर घेत नाहीत, सहीनिशी लेखी द्या. ते लेखी वेगळ्या कागदावर सोबत आहे. ते साहेबांसाठी. हे तुझ्यासाठी.

आधी काम. मुलींना दक्षिणेच्या खोलीतून काढ. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता. मोठ्या बाईंच्या घरी जा आणि मग परत येऊन पुढचं वाच.

शेवटचा आकडा खोटा आहे. तो मी मोजलेला नाही.

दादाला दम्यानं दुसऱ्या विहिरीपाशी गाठलं. वरून थोडा उजेड येत होता, तिथे तो वही मांडीवर घेऊन बसला. म्हणाला, जमेल ना तुला? मी म्हटलं, न जमायला काय झालं. साखळीचं मागचं टोक खिळ्याला अडकवून मी एकटा पुढे निघालो. एक साखळी गेलो. तिथे बोगदा डावीकडे जरा रुंद होता. मी खिळा ठोकला आणि छतातून माती गळायला लागली. फार नाही, मीठ चिमटीतून सोडावं तेवढी. मी कंदील वर धरला तर ती थांबली. खाली घेतला तर परत. तेव्हा माझे कान शाबूत होते, बाळा. ती माती पाण्यात पडताना होणारा आवाज मला अजून ऐकू येतो, तो एकच आवाज मला आता ऐकू येतो.

मी तिथेच खाली बसलो. पाय उचलेनात. पुढे जायला तर नाहीच, मागे जायलाही नाही. किती वेळ बसलो कोण जाणे. मग माझ्या मनात हिशेब सुरू झाला, भित्र्या माणसाचा हिशेब फार पटापट होतो. शिळेचा अर्थ दादानं एका मास्तरांकडून लिहून आणला होता, तो चिटोरा माझ्याच खिशात होता. आठ प्लेथ्रॉन, चाळीस पावलं. मला वाटलं, पाऊल म्हणजे फूट, प्लेथ्रॉन म्हणजे आपली साखळी. कुणाला कळतंय? पुढे जाऊन यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा अंधारात बसलो, आणि परत येऊन दादाला सांगितलं, आठ साखळ्या, चाळीस कड्या. दादानं लिहिलं.

आता तू बघ, चोरी कशी उघडी पडते. साहेब म्हणतात साखळी आधी वाकडी पडली आणि नंतर जुळली. साखळी मागे चालत नाही. दुसऱ्या विहिरीपाशी वीस फूट जास्त आले होते, ते पुढे कमी होऊन शून्य कसे होतील? विहिरींचे आकडे दादासमोर मोजलेले. दोनशे पावलांना दोनशे दहा फूट, चारशेला चारशे वीस. दोन्ही वेळा शेकडा पाच. म्हणजे त्या गावच्या ग्रीकांचं पाऊल बारा इंच आणि वर सहा दशांश. सहासष्ट फुटी साखळी धरून बघशील, तर पाऊल सव्वाआठ इंचांचं निघतं, तेवढं पाऊल शाळकरी पोराचं असतं, बोगदा खणणाऱ्याचं नाही. तेव्हा कोठडी आठशे चाळीस पावलांवर, म्हणजे आठशे ब्याऐंशी फुटांवर. तुमच्या लाल फडक्यांपासून बेचाळीस फूट दक्षिणेला. तुझं पत्र वाचून मी शाळेचा नकाशा जमिनीवर खडूनं काढला. चाळीस बाकं बरोबर तिच्यावर आहेत.

शिळा आणि वही असे दोन साक्षीदार तुम्ही धरलेत. साक्षीदार एकच आहे, दुसऱ्यानं पहिल्याचं ऐकून सांगितलंय.

पाच तारखेला मला हे लिहिता आलं असतं. लिहिलंही होतं, तीनदा. शाई चांगली होती. पण तुझ्या पत्रात ते होतं ना, दादाचं अक्षर बघून तू पाच मिनिटं काही केलं नाहीस. ते वाचून माझं धैर्य गेलं. पोरी अजून उत्तरेच्या खोलीत आहेत असं मी धरून चाललो, आणि त्या खोलीला धोका आहे असं सगळे म्हणतच होते, म्हणजे तिथून त्यांना हलवतीलच, चार दिवसांनी काय बिघडतंय. परत तेच. अंधारात बसून वेळ काढला.

ते यंत्र दक्षिणेच्या फाटकातून आणू देऊ नकोस. खाली काय आहे ते मला माहीत आहे, निदान त्या मातीची जात माहीत आहे.

माया मागायचा आज हक्क नाही. ठकी सुखरूप आहे एवढं कळव.

काका

१२ मार्च

ती. काकांना,
नमस्कार.

ठकी सुखरूप आहे. सगळ्या आहेत.

ड्रायव्हर काल संध्याकाळी दिवेलागणीला आला. तुम्ही लिहिलं होतं तसं पहिलं पान वाचून मी उठले आणि मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी कागद मागितला नाही, सही मागितली नाही. एवढंच विचारलं की माझी खात्री आहे का. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग उद्या वर्ग पटांगणात. आज सकाळपासून मुली पलीकडच्या भिंतीच्या सावलीत चटया टाकून बसल्यात. बाकं आत तशीच आहेत, कुणालाही आत पाऊल टाकू दिलं नाही.

साहेबांना तुमचा कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, कानानं अधू म्हाताऱ्याची इतक्या वर्षांपूर्वीची आठवण एका बाजूला आणि सरकारी वही दुसऱ्या बाजूला, मी काय धरू? मी म्हटलं, दोन्ही सोडा, टेप धरा. मग मी आणि एक गवंडी कमरेला दोर बांधून आत गेलो. काका, मी आत गेले. पाणी घोट्यापर्यंत होतं, आणि इतकं गार की पायांचं मला काही कळतच नव्हतं. पहिली विहीर दोनशे दहा फूट. दुसरी चारशे वीस. टेपवर बोट ठेवून मी तिथे उभी राहिले, जिथे बाबा बसले होते. पुढे मातीचा ढीग दिसत होता. वरून थोडी माती गळली आणि गवंड्यानं माझा दोर इतक्या जोरात ओढला की मी पडलेच.

बाहेर आल्यावर साहेबांचा चेहरा उतरला होता. पण तरी म्हणाले, शेवटचा आकडा वहीत आहे तो आहे.

तेव्हा मला सांगावं लागलं. तुम्ही एक लपवलंत, मीही एक लपवलं होतं. त्या आकड्यापुढे बाबांनी पेन्सिलीनं बारीक लिहिलंय, ‘ऐकीव’. विहिरींच्या आकड्यांपुढे काही नाही, फक्त त्या एकापुढे. पहिल्याच दिवशी मी ते बघितलं होतं. बैठकीत उभी राहून वडिलांच्या वहीत न मोजलेला आकडा चढत नाही असं बोलले, तेव्हाही ते पान माझ्या हातात उघडं होतं आणि माझा अंगठा त्या शब्दावर होता.

बाबांना कळलं होतं का, याचा मी दिवसभर विचार करतेय. कळलं असेल तर तुम्हाला बोलले का नाहीत? की तुम्ही अंधारातून परत आलात एवढ्यानंच त्यांना पुरलं?

तुमच्यावर मला राग आहे. तो लिहून संपणारा नाही. उद्या काय होतं ते कळवीन. काकूला माझा नमस्कार सांगा.

फुटपट्टी

१४ मार्च

चि. फुटपट्टीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. ‘ऐकीव’ हा शब्द वाचून मी वर बघितलं तर काकू पाटीवर काहीतरी लिहीत होती, पण मला अक्षरं लागेनात. म्हणजे त्याला माहीत होतं. वर्षानुवर्षं त्यानं माझ्या खांद्यावर साखळी ठेवली आणि त्या दिवसानंतर अंधारात मला एकट्याला कधी पाठवलं नाही. मला वाटायचं, धाकटा म्हणून लाड करतो.

शुक्रवार उलटला, तुझी ओळ नाही. बसवाल्याला विचारलं, त्याला काही माहीत नाही. त्याच्या मते शाळेसमोर गर्दी होती. कसली गर्दी, हे त्या बाबाला सांगता येईना. मी काल जेवलो नाही, आज काकूनं पाटीवर लिहिलं की न जेवल्यानं छत उभं राहत नाही. तरी घास उतरत नाही. रागाचं चारच ओळींचं लिही, पण लिही.

काका

१६ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

जेवा. आधी जेवा.

यंत्र आत आलं नाही. शुक्रवारी सकाळी ते दक्षिणेच्या फाटकाशी येऊन उभं राहिलं आणि मी व मोठ्या बाई फाटकासमोर उभ्या राहिलो. गर्दी ती. ट्रकचा ड्रायव्हर शिव्या देत होता, मग बायका बघून निम्म्या गिळल्या. साहेबांनी शेवटी हाताचं गिरमिट मागवलं. आधी लाल फडक्यांच्या आत मारलं. वीस फूट घट्ट चिकणमाती. गिरमिट वर काढताना दोघांना घाम फुटला. तिथे काहीच पोकळ नाही. तडा पडला तो जमीन दक्षिणेला ओढली गेली म्हणून, असं साहेब आता म्हणतात.

मग दक्षिणेची खोली. जमिनीवर लांब फळ्या टाकल्या, वजन पसरावं म्हणून. दोन माणसं, दोघांच्या कमरेला दोर, दोरांची टोकं बाहेर आम्हा दहाजणांच्या हातात. झऱ्यापासून मोजून आठशे पंच्याऐंशी फुटांवर एक फरशी काढली, ती खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकाखालची निघाली. गिरमिट फिरायला लागलं. एक फूट, दोन, तीन. साडेचार फुटांवर ते त्यांच्या हातांतून सुटलं. असं एकदम नाहीसं झालं, जसं कुणी खालून ओढून घ्यावं. मग बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज.

साडेचार फूट माती, काका. तिच्यावर चाळीस बाकं आणि चाळीस मुली, सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी त्यांची उड्यांची कवायत आत झाली होती, बाहेर ऊन होतं म्हणून. ठकीनं मला हे काल सांगितलं, हसत हसत. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

दोन दिवसांत वाळू आणि सिमेंटचं पाणी सोडायला सुरुवात होईल, फाटकाबाहेरून लांब नळीनं. खोली पाडणार आहेत. भोकातून दिवा सोडून बघितला, टेपही सोडला. कोठडी तीस पावलांचीच आहे, तुमच्या पावलांची, साडेएकतीस फूट. मास्तर म्हणाले, खणणाऱ्यांचं काम इतकं चोख आहे की त्यांना वंदन करावंसं वाटतं. मी म्हटलं, तुम्ही करा.

साहेबांनी वही दुरुस्त करायला माझ्याकडे दिली. मोजणीच्या वहीत खोडरबर चालत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, आकडा खालून वाचता आला पाहिजे, शेजारी खरा आकडा, आणि ज्याची चूक त्याची सही. मी खरा आकडा लिहून ठेवलाय, ८ साखळ्या ८२ कड्या. बाबांच्या ‘ऐकीव’ला हात लावला नाही. रेघ मारली नाही आणि सहीची जागा मोकळी ठेवलीय. रेघ मी मारणार नाही आणि वही टपालानंही पाठवणार नाही. तुम्ही या. त्याच ड्रायव्हरच्या बसनं या, त्याला मी सांगून ठेवलंय.

माझा राग अजून आहे. तो इथेच असेल, तुम्ही आलात की समोरासमोर बघू. मोठ्यानं बोलेन, तुम्हाला ऐकू येईल असं. ठकी विचारतेय की काकाआजोबा खिडकीजवळ झोपणार की दाराजवळ. मी तिला सांगितलं, दाराजवळ.

दार आमच्याकडे नीट लागतं.

तुमची,
फुटपट्टी